सरकारी रान आणि आमची सहल

आमच्या मराठीत ‘सरकारी’ ह्या शब्दाला एक चमत्कारिक अर्थ चिकटून बसला आहे. सरकारी म्हणजे सर्वांचे, असा त्याचा सरळ अर्थ. पण व्यवहारात आम्ही तो ‘कोणाचेच नाही’ असा घेतो. सरकारी नळ कोणी बंद करीत नाही, सरकारी भिंत रंगविण्यास कोणी भीत नाही, आणि सरकारी रानात गेल्यावर तर आम्हांस आपण राजेच झालो असे वाटू लागते. एखाद्याच्या आंब्याच्या बागेत शिरताना आपण आधी हाक मारतो. पण डोंगरावरच्या शेकडो एकर रानात शिरताना हाक मारावी असे कोणी दिसत नाही, म्हणून मारीत नाही. प्रत्यक्षात तेथे मालकही असतो, कायदाही असतो, आणि त्या दोहोंपूर्वीपासून राहत आलेले रहिवासीही असतात. ह्या तिघांशी सहलीला जाणाऱ्या नागरिकाने कसे वागावे, इतकाच आजचा विषय आहे.

प्रथम मालकी आणि कायदा. आज ज्यास आपण ‘फॉरेस्ट’ म्हणतो त्याची कायदेशीर बैठक १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे. त्यात राखीव वन आणि संरक्षित वन असे दोन मुख्य प्रकार येतात. राखीव वनात जी गोष्ट मुद्दाम परवानगी देऊन मोकळी केलेली नाही ती निषिद्ध, असे ढोबळपणे समजावे; संरक्षित वनात ह्याच्या उलट, ज्याची मनाई जाहीर झाली आहे तेवढेच निषिद्ध. ह्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याने अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ह्या आणखी कडक पायऱ्या घातल्या. अभयारण्यात बाहेरच्या माणसाला परवान्यावाचून प्रवेशच नाही. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी तो परवाना मिळतो. नाक्यावर पैसे भरून आपण जी पावती घेतो आणि गाडीच्या काचेखाली फेकतो, तिचे महत्त्व हे असे आहे.

भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही नावे आपण सहलीची ठिकाणे म्हणून घेतो. ती तिन्ही अभयारण्ये आहेत. हरिश्चंद्रगडावर ज्याने रात्र काढली त्याने अभयारण्यात रात्र काढली. हे पुष्कळांच्या ध्यानातही नसते.

‘वनोपज’ ह्या शब्दाची कायद्यातली व्याख्या एकदा मुद्दाम वाचण्यासारखी आहे. लाकूड आणि मध तर तीत आहेतच, पण पाने, फुले, फळे, गवत, वेली, प्राण्यांची शिंगे व कातडी, इतकेच काय माती आणि दगडसुद्धा आहेत. सह्याद्रीच्या काळ्या खडकात पांढऱ्या स्फटिकांचे गड्डे सापडतात. पोरे ते फोडून पिशवीत भरतात आणि घरी आल्यावर आठ दिवसांत विसरतात. कायद्याच्या भाषेत ती वनोपज आहे. फांदीवरून ओरबाडलेली आमरी तर दिवाणखान्यात महिनाभरही जगत नाही. ती जेथे होती तेथे मात्र कित्येक वर्षे फुलली असती.

आता कोणी म्हणेल, हा इंग्रजांचा कायदा, तो आम्ही इतक्या आदराने का पाळावा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा इतिहास आमच्याच मुलखात घडलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्याने गोरगरिबांची गायराने बळकावल्याची तक्रार केली आहे. १९३० साली बिळाशीत, पुसदला, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. गवताच्या पेंढीसाठी आणि चुलीच्या काटक्यांसाठी लोकांनी कायदा मोडला. रानावर जगणाऱ्या माणसांचा हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांचे पोट त्या रानावर होते त्यांना दीडशे वर्षे नियमांचा काच सोसावा लागला, आणि आम्ही तेथे केवळ मौजेसाठी जाणार. तेव्हा ‘आम्हांला नियम नकोत’ असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत कमी कोणाचा असेल तर तो आमचा, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

नियमांत पहिला मान विस्तवाचा. ह्याविषयी आम्ही थोडे अधिक बोलणार आहो, कारण येथे आमचा स्वतःचाच अपराध आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही सातआठ मित्र मावळातल्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्कामास होतो. तीन दगडांची चूल मांडून खिचडी केली, गाणी म्हटली, झोपताना चुलीवर तांब्याभर पाणी ओतले, वर माती लोटली आणि आपण फार शहाण्यासारखे वागलो असे समजून झोपलो. पहाटे वाऱ्याने मातीखालचा निखारा उघडा पडला. आम्ही जागे झालो ते तडतड आवाजाने. कमरेएवढे वाळलेले गवत पेटले होते आणि आम्ही हातातल्या चादरी घेऊन नुसते धावत होतो. खालच्या वाडीतले एक म्हातारे बाबा आणि त्यांचे दोन मुलगे धावत आले. त्यांनी ओल्या फांद्या तोडून, वाऱ्याच्या बाजूने आडवे शिरून, झोडपून झोडपून तो जाळ एका कातळापाशी अडविला. बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. आम्ही म्हणालो, “बाबा, आम्ही पाणी ओतलं होतं हो.” ते म्हणाले, “पाव्हणं, इस्तू इझला का नाय ते डोळ्यानं दिसत नाय. हात घालून बघावं लागतं. राखेत हात ऱ्हात असंल तर इझला.”

विस्तव विझल्याची ह्याहून चांगली कसोटी आम्हांला पुढे कोणत्याही पुस्तकात मिळाली नाही. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि उघड्या हाताला राख गार लागेपर्यंत जागा सोडू नये. माती लोटल्याने निखारा विझत नाही, झाकला जातो. पण खरे पाहता ह्या कसोटीची गरजच पडू नये. राखीव वनात वनाधिकाऱ्याने मोकळीक दिलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटविणे किंवा बाळगणे हाच गुन्हा आहे, आणि अभयारण्यात रान धोक्यात येईल असा विस्तव पेटविणे वा जळता सोडणे हाही गुन्हा आहे. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीचे गवत म्हणजे पसरलेले कापूरच असते. ह्या दिवसांत दशम्या, थालीपिठे, चटणी घरून बांधून न्यावी. आमच्या आज्या पंढरपूरला जाताना तेच करीत, आणि त्यांचे काही अडले नाही. विडी-सिगारेटचे थोटूक हाही विस्तवच, हे निराळे सांगावयास नको.

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, अशी एक समजूत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती मोठी सोयीची आहे, कारण तीत दोष बांबूचा निघतो. आमच्या डोंगरांत उन्हाळ्यात लागणारे वणवे जवळजवळ सर्व माणसाच्या हातचे असतात. त्यांत सहलीवाले एकटे अपराधी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नवे गवत चांगले येते म्हणून जुने जाळणारे, मोहोळाला धूर देणारे, राब भाजताना बांधाबाहेर जाळ जाऊ देणारे, असे पुष्कळ वाटेकरी आहेत. वनखाते हिवाळ्याच्या अखेरीस जाळरेषा काढते, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवते, की वणवा तेथे येऊन अडावा. पण वाटेने जाणाऱ्याने रेषेच्या दोन्ही बाजूंना थोटके टाकली तर रेषा काय करणार?

गवत पुन्हा उगवते, मग इतके दुःख कशाचे, असे विचारणारेही भेटतात. गवत उगवते हे खरे. उगवत नाहीत ती गवतात नुकतीच वितभर वाढलेली झाडांची रोपे. वर्षानुवर्षे जळणाऱ्या डोंगरावर म्हाताऱ्या झाडांमागून तरुण झाडे येतच नाहीत. टिटवी, रातवा असे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नेमके ह्याच दिवसांत अंड्यांवर असतात. आणि वणव्यानंतर उघडी पडलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात ओढ्यावाटे खाली जाते.

माणसेही जातात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात भ्रमंतीस गेलेल्या मंडळींना वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जीव गेले. जाळ चढावर फार वेगाने धावतो, कारण वरचे गवत ज्वाळेच्या उष्णतेने आधीच तापून वाळलेले असते. म्हणून वणवा दिसला तर वर पळू नये, घळीत तर मुळीच शिरू नये. आडवे किंवा खाली सरकावे आणि उघडा कातळ अथवा आधी जळून गेलेली जागा गाठावी. मग १९२६ ह्या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे.

मधमाश्यांविषयी थोडक्यात सांगतो. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या माशीची मोहोळे लटकलेली असतात. चुलीचा धूर, भिरकावलेला दगड, आरडाओरडा, उग्र अत्तर ह्यांतले काहीही त्या माश्यांना पुरते. एक माशी डसली की डंखाबरोबर असा वास सुटतो की इतर माश्या त्याच जागी तुटून पडतात. म्हणून हात झाडून त्यांना मारीत बसू नये. तोंड झाकून सरळ दूर निघावे. अत्तर लावून किल्ला चढण्याचे कारण तरी काय, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

माकडांना चणे-बिस्किटे देण्यात आम्हांला पुण्य वाटते. त्याने माकड रान सोडून रस्त्यावर बसते, पिशव्या हिसकावते, चावते, आणि शेवटी गाडीखाली येते. अभयारण्यात जनावरास त्रास देणे आणि कचरा टाकणे, दोहोंचीही १९७२ च्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. कचरा पुरूनही चालत नाही. मिठाचा आणि तेलाचा वास लागलेली पिशवी रानडुक्कर रातोरात उकरते. जे पाठीवर चढले ते पाठीवरच उतरावे.

किल्ल्यांवरील खोदीव टाक्यांचे पाणी हा एक नाजूक विषय आहे, पण सभ्यपणाच्या संकोचाने तो टाळणे बरे नव्हे. ज्या टाक्याचे पाणी शेकडो वर्षे माणसे पीत आली त्यात उतरून साबण लावून आंघोळ करणारी सुशिक्षित मंडळी आम्ही पाहिली आहेत. भांडी घासणे, अंग धुणे हे भांड्यात पाणी काढून, टाक्यापासून दूर करावे. आणि प्रातर्विधीस जाताना पाण्यापासून किमान शंभर पावले लांब, उताराच्या दुसऱ्या बाजूस, खड्डा करून बसावे व तो बुजवावा. २०२५ साली शिवरायांच्या काळाशी जोडलेल्या बारा किल्ल्यांचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत राजगड, लोहगड, साल्हेर आहेत. त्याच किल्ल्यांच्या दगडांवर खिळ्याने कोरलेली बदाम-बाणाची चित्रे पाहून परदेशी पाहुण्यास आम्ही काय सांगणार?

पाण्याचा आणखी एक इशारा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी वाढते ते वर पडलेल्या पावसाने. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी ओढा मिनिटांत फुगतो. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर बंदीची पाटी दिसली तर ती उत्साहभंग करण्यासाठी लावलेली आहे असे समजू नये.

ह्या पाट्यांबद्दल मात्र आमची तक्रार आहे, आणि ती येथे केलीच पाहिजे. एका अभयारण्याच्या वाटेवर आम्ही नियमांची पाटी वाचू गेलो तो ती इतकी गंजलेली की ‘वनविभाग’ एवढेच शब्द उरले होते. नाक्यावर परवाना देणारा माणूस दुपारी बारापर्यंत आला नव्हता. नियम पाळा म्हणणाऱ्याने नियम सांगण्याची आणि परवाना देण्याची सोय नीट ठेवली पाहिजे. आणखी एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो: खाणी आणि धरणे शेकडो हेक्टर रान गिळतात, आणि तुम्ही आमच्या चुलीपाशी येऊन बसता! त्यातला पहिला भाग खरा आहे आणि त्यावर निराळे व्याख्यान व्हावे. पण दुसऱ्याच्या मोठ्या अपराधाने आपला लहान अपराध फिटतो, असे गणित आम्हांला कोणत्याही शाळेत शिकविलेले नाही.

कासच्या पठाराकडे पाहा. तेथे कातळावर मातीचा थर बोटा-दोन बोटांचा, आणि त्यावर ‘सीतेची आसवे’, दवबिंदू, टोपली कारवी. एवढ्या पातळ मातीवर पाऊल दाबले की पुढच्या वर्षीचे फूल तेथेच संपते. म्हणून फुलांच्या हंगामात तेथे शुल्क, संख्येवर मर्यादा आणि ठरलेल्या वाटा आल्या, आणि देखरेखीत भोवतालच्या गावांना वाटा मिळाला. शुल्काच्या रुपयांत गावच्या पोरांचा रोजगार असतो, हे पावती फाडून घेताना ध्यानात असावे.

असे नियम आमच्या लोकांना नवे नाहीत. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. देवराईतले पान तोडावयाचे नाही, पडलेले लाकूडसुद्धा घरी न्यावयाचे नाही, पायताण बाहेर काढावयाचे, असे निर्बंध गावोगाव पाळले जात. देवाच्या धाकाने पाळले, असे आपण हसून म्हणतो. पण कोकणातल्या कित्येक झऱ्यांचे पाणी उन्हाळ्यात टिकले ते त्या धाकामुळे. देवराईत जाण्याचा योग आला तर आधी गावात विचारावे, आणि गावकरी जोडे काढीत असतील तर आपणही काढावेत.

आता काजव्यांविषयी, कारण येत्या महिन्यात आपल्यापैकी पुष्कळजण भंडारदऱ्याकडे निघण्याच्या बेतात असतील. मेच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडल्या की हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन ह्या झाडांवर लक्षावधी काजवे एकाच तालात विझतात आणि उजळतात. हा प्रकाश थंड असतो. काजव्याच्या पोटातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निघतो आणि उष्णता जवळजवळ निघतच नाही. हा सोहळा आमच्यासाठी चाललेला नसतो. नर उडता उडता इशारा देतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी ठरावीक अंतराने उत्तर देते, आणि त्या उत्तरावरून नर तिला शोधतो. त्याचे प्रौढ आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपाने पाचोळ्यात, ओल्या मातीत, गोगलगाई खाऊन वाढलेला असतो.

अशा वेळी मोटारींची रांग मोठे दिवे लावून त्या झाडाखाली येते. कृत्रिम उजेडात काजव्यांचे इशारे मंदावतात आणि जोड्या जमत नाहीत, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. ज्या रात्री नराला मादी सापडत नाही त्या रात्रीची अंडी पुढच्या वर्षीच्या झाडावरून वजा होतात. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून गवतात शिरणारा माणूस पायाखाली मादीलाच चिरडतो, कारण ती बहुधा खालीच असते. आणि बाटलीत भरून नेलेले काजवे पहाटेपर्यंत मेलेले असतात, हे ज्यांनी बालपणी केले त्यांना सांगावयास नको.

पुरुषवाडीसारख्या गावांनी पाहुण्यांची सोय आपल्या हाती घेतली आहे. घरी जेवण, सोबत गावचा वाटाड्या, हा मार्ग आम्हांला सर्वांत बरा वाटतो. गाडी गावातच ठेवावी आणि चालत जावे. अभयारण्याच्या हद्दीत रात्री किती वाजेपर्यंत थांबता येते ते नाक्यावर विचारून घ्यावे, आणि ती वेळ झाली की उठावे. विजेरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल कागद बांधावा आणि ती पायांकडेच धरावी. अंधाराला डोळे सरावण्यास वीसपंचवीस मिनिटे लागतात. मधेच कोणी खिशातला फोन उघडला की ती मिनिटे पहिल्यापासून मोजावी लागतात. गेल्या खेपेस आमच्या वाटाड्याने झाडापासून पन्नास पावलांवर एका बांधावर आम्हांला बसविले आणि तो म्हणाला, “आता गप ऱ्हावा.” पहिली दहा मिनिटे काहीच दिसेना, मुले कुरकुरू लागली. मग आधी एक दिसला, नंतर दोन, आणि पाहता पाहता सगळे झाड श्वास घेऊ लागले. परत निघालो तेव्हा दहा वाजले होते आणि नाक्यावरच्या वनरक्षकाने आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या. मुलांच्या हातात बाटल्या नाहीत हे पाहून त्याने अडसर वर केला.